कन्व्हिक्ट, मलावी की एंजल: नर-मादी आणि सोबती पाहून निवड

दुकानदार पिशवीला रबर लावता लावता म्हणतो, "जोडी आहे, घेऊन जा." कन्व्हिक्ट, मलावी, एंजल हे सगळे सिक्लिड या एकाच कुळातले मासे. ते घेताना या शब्दावर किती विसंबायचं, हे मासा कोणता त्यावर ठरतं. कन्व्हिक्ट असेल तर तुम्ही स्वतः खात्री करू शकता. एंजल असेल तर अंडी घालेपर्यंत दुकानदारालाही कळत नाही. आणि सोबत कोण ठेवायचं हे ठरवायला आधी नर किती, माद्या किती ते माहीत हवं, कारण सिक्लिडची बहुतेक भांडणं जागेवरून, मादीवरून आणि पिल्लांवरून होतात.

मी भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यात मासे पाळतो. आमच्या बोअरच्या जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, पाण्याच्या गुंडाला आतून पांढरा थर बसतो. उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो आणि लाइट जाते ती दुपारीच. तुमच्याकडेही असंच असेल, असं धरून पुढचं लिहितो आहे.

नर-मादी ओळखायला मला प्रथम शिकवलं ते बोडीवर, म्हणजे छोट्या तळ्यावर, जाळं टाकणाऱ्या ढिवर काकांनी. तिलापी हीसुद्धा सिक्लिडच. काकांनी दोन तिलापी पालथ्या करून दाखवल्या: नराला पोटाखाली दोन छिद्रं, मादीला तीन. शोभेच्या सिक्लिडमध्येही तीच जागा पाहायची. मासा पारदर्शक डब्यात घेऊन खालून बघा. नराचा उंचवटा बारीक आणि टोकदार, मादीचा रुंद आणि बोथट. चार-पाच सेंटिमीटरपेक्षा लहान पिल्लात मात्र हे पाहू नका, हमखास चुकतं.

कन्व्हिक्ट म्हणजे राखाडी अंगावर काळे पट्टे असलेला मध्य अमेरिकेतला मासा. याच्यात एवढी खटपट लागत नाही. मादीच्या पोटावर नारिंगी-सोनेरी चमक असते, नराला ती नसते. नर मोठा, दहा-बारा सेंटिमीटरपर्यंत वाढतो, त्याचे वरचे-खालचे पर टोकाशी लांबतात आणि वय झालं की कपाळ फुगतं. जड पाणी चालतं, उकाडाही बराच सोसतो. अडचण सोबत्यांची. माझ्या जोडीबरोबर मी तीन मोली ठेवल्या होत्या. जोडीने मातीच्या कुंडीत अंडी घातली आणि दुसऱ्या सकाळी मोली वरच्या कोपऱ्यात फाटक्या शेपट्यांनी दडून बसलेल्या. दोन वाचल्या नाहीत. चूक माझीच होती. आईबाप दोघंही पिल्लं राखतात, आणि त्या वेळी तीन फुटी टाकीही त्यांना आपलं घरच वाटते. म्हणून कन्व्हिक्टची जोडी एकटीच ठेवा. पिल्लं घेऊन फिरणारे आईबाप पाहायला मिळतात, यापरता सोबती हवा कशाला?

मलावीचं गणित वेगळं. हे मासे आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले. तिथलं पाणी अल्कधर्मी, पीएच साधारण 7.8 ते 8.6, त्यामुळे बोअरच्या जड पाण्याचं यांना वावडं नाही. पण नर-मादी ओळखण्यात खरी फसगत इथेच होते. पिवळ्या मलावीत नर-मादी दोघंही पिवळे. नराचे पोटाखालचे पर जास्त काळे असतात खरे, पण दांडगी मादीही तसे दाखवते. गुदपरावरचे (पोटाखालच्या मागच्या परावरचे) अंड्यासारखे ठिपके पाहून नर ठरवणारे बरेच भेटतात, पण ते ठिपके मादीलाही असू शकतात. केन्यी जातीत तर उलटंच: लहानपणी सगळे निळे, मोठेपणी नर पिवळा होतो आणि मादी निळीच राहते. दोन वेगवेगळ्या जाती म्हणून विकत आणलेले मासे नवरा-बायको निघतात. केन्यी फार मारकुटा आहे. पहिल्या टाकीत नको, आणि पिवळ्या मलावीबरोबर तर नकोच, सारखा रंग दिसला की नर अंगावर जातो.

मलावीत जोडी ठेवायचीच नाही. एका नराला एकच मादी असली तर तो तिला दमवून मारतो. एका नरामागे तीन माद्या हव्यात, म्हणजे त्याचा पाठलाग वाटला जातो. लहान सहा-आठ आणा, मोठे होऊ द्या, जास्तीचे नर परत द्या. पिवळ्यासोबत तपकिरी-जांभळा रस्टी शांतपणे राहतो. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि तितकीच उंच टाकी म्हणजे सुमारे 255 लिटर पाणी, एवढं तरी हवं. हनुवटी फुगलेली आणि खाणं सोडलेली दिसली तर आजार समजून औषध टाकू नका. ती मादी आहे, तोंडात अंडी धरून तीन-चार आठवडे उपाशी राहते.

एंजल दिसायला सगळ्यांत देखणा, पण बाहेरून नर-मादी सारखीच. दोन माद्याही जोडी करून अंडी घालतात, मग ती पांढरी पडतात आणि माणूस पाण्याला दोष देत बसतो. पाच-सहा पिल्लं घ्या, जोडी त्यांची त्यांना जमवू द्या. एंजल निऑन टेट्रासारखे चिमुकले मासे गिळतो, आणि टायगर बार्ब त्याचे लांब पर कुरतडतो. तळाशी फिरणारे कोरिडोरास चालतात.

ऑस्कर एक फुटापर्यंत वाढतो आणि बाहेरून नर-मादी कळत नाही. नवख्याने घेऊ नये.

आता उन्हाळा. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांवर साडेसातच. मलावीला 24 ते 28 अंश मानवतात, म्हणून पाणी जमलं तरी मे महिना त्यांनाच सगळ्यांत जड जातो. टाकीवर छोटा पंखा लावला तर आपल्या कोरड्या हवेत पाणी दोन-तीन अंश उतरतं. पण उडून जातं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. नुसती भर घालत राहू नका, आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. लाइट गेल्यावर चालेल असा बॅटरीचा एअर पंप तर हवाच.

माझं मत विचाराल तर तीन फुटी टाकी आणि कन्व्हिक्टची एक जोडी, जागा आणि इन्व्हर्टर असेल तरच मलावी. मन एंजलवरच बसलं असेल तर पावसाळ्यापर्यंत थांबा, कारण त्याला बोअरपेक्षा कमी जड पाणी बरं. कवेलूंवरून पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी वाहून जाऊ द्या, नंतरचं ड्रममध्ये धरा आणि बोअरच्या पाण्यात अर्धंअर्धं मिसळून टाकी भरा.