कासवाच्या टाकीतील हिरवे पाणी: पाणी बदलावे, अंधार करावा की यूव्ही दिवा बसवावा?

उपाय निवडण्यापूर्वी एक साधी परीक्षा करून घ्यावी. टाकीतील पाणी काचेच्या पेल्यात घेऊन पांढऱ्या कागदासमोर ठेवावे आणि तासभर हलवू नये. तळाशी गाळ बसून वरचे पाणी नितळ झाले, तर दोष विष्ठेचा, उरलेल्या खाद्याचा आणि अपुऱ्या फिल्टरचा आहे. पाणी दुधट दिसत असेल, तर तो जिवाणूंचा उद्रेक असून तो बहुधा नव्या टाकीत किंवा फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतल्यावर होतो. तासाभरानंतरही हिरवी छटा तशीच तरंगत राहिली, तर ते एकपेशीय शेवाळ समजावे. पुढील तुलना या शेवाळापुरतीच आहे. गाळावर यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा घेणाऱ्याच्या पदरी निराशाच येते.

या शेवाळाला प्रकाश लागतो आणि नायट्रेट व फॉस्फेट ही खाद्यद्रव्ये लागतात. कासवाच्या टाकीत दोन्हींची रेलचेल असते, कारण कासव त्याच आकाराच्या माशापेक्षा कितीतरी अधिक घाण करते आणि त्याला ऊन शेकण्यासाठी रोज दहा-बारा तास दिवाही लागतो. त्यामुळे प्रत्येक उपायाबाबत एकच प्रश्न विचारावा: हा उपाय शेवाळ काढतो, की शेवाळाचे अन्न काढतो? दोन्ही कामे एकट्याने पूर्णपणे करणारा उपाय मला तरी ठाऊक नाही, आणि बहुतेकांची निराशा इथेच सुरू होते.

पाणी बदलणे हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे आणि अन्न कमी करण्याचा सर्वांत खात्रीचाही. मात्र पाणी नितळ करण्याचे साधन म्हणून तो दुबळा ठरतो. अर्धे पाणी काढले तर अर्धे शेवाळ जाते. पण अनुकूल प्रकाशात हे शेवाळ एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकते, म्हणजे शनिवारी केलेली मेहनत सोमवारपर्यंत पुसली जाते. वैतागून सगळे पाणी उपसून टाकी घासणे तर अधिकच वाईट, कारण त्या झटापटीत अमोनियाचे रूपांतर करणारे उपयुक्त जिवाणूही मरतात आणि हिरव्या पाण्याच्या जागी दुधट पाणी येते. आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदलावे, नवे पाणी क्लोरीनमुक्त आणि जुन्या पाण्याइतक्याच तापमानाचे असावे, आणि स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा. सायफन मात्र तोंडाने ओढू नये, कारण कासवांच्या अंगावर व पाण्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात.

अंधार करण्याचा उपाय माशांच्या टाकीत छान चालतो: तीन-चार दिवस टाकी कापडाने पूर्ण झाकली की शेवाळ उपासमारीने मरते. कासवाला मात्र कोरडे होण्यासाठी उबदार जागा आणि यूव्हीबी (सूर्यप्रकाशातही असणाऱ्या अतिनील किरणांचा) प्रकाश हवा असतो, कारण त्यावाचून त्याच्या शरीरात ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही आणि कवच मऊ पडू लागते. म्हणून टाकी झाकायची असेल, तर त्या दिवसांपुरते कासव दिव्याची सोय असलेल्या दुसऱ्या भांड्यात हलवावे लागते. फिल्टर सुरू ठेवावा आणि झाकण काढताच निम्मे पाणी बदलावे, कारण मेलेले शेवाळ कुजून अमोनिया वाढवते. कासव लहान असेल आणि जागा असेल, तर हा प्रयोग जरूर करावा. मोठ्या कासवाला चार दिवस हलवणे त्याच्यासाठी आणि पाळणाऱ्यासाठी दोघांसाठीही त्रासाचे असते.

यूव्ही क्लॅरिफायर, म्हणजे पाणी नितळ करणारे यूव्ही दिव्याचे यंत्र, यात बंद नळीत यूव्हीसी (पेशी मारणाऱ्या तीव्र अतिनील किरणांचा) दिवा असतो. फिल्टरमधून आलेले पाणी त्याच्याजवळून संथपणे जाते आणि तरंगणाऱ्या शेवाळाच्या पेशी निकामी होतात. योग्य क्षमतेचे यंत्र असेल तर साधारण आठवड्याभरात फरक स्पष्ट दिसतो, कासवाला हलवावे लागत नाही, आणि स्पंजमध्ये चिकटून राहणाऱ्या जिवाणूंनाही धक्का लागत नाही. काचेवर किंवा दगडावर चिकटलेले शेवाळ मात्र याने जात नाही. हा दिवा आणि ऊन शेकण्याच्या जागेवरचा यूव्हीबी दिवा या पूर्णपणे वेगळ्या वस्तू आहेत, हे खरेदीच्या वेळी नीट लक्षात ठेवावे: यूव्हीसीचा उघडा प्रकाश कासवाच्या आणि माणसाच्या डोळ्यांना इजा करतो, त्यामुळे उघडा दिवा टाकीत कधीही सोडू नये. शिवाय दिवा पेटलेला दिसत असला तरी त्याचा जोर उतरत जातो, म्हणून तो साधारण वर्षाने बदलावा लागतो आणि त्याभोवतीची काच अधूनमधून पुसावी लागते.

शेवाळनाशक औषधांची मी शिफारस करत नाही. कासव त्याच पाण्यात राहते आणि तेच पिते. शेवाळ मेले तरी त्याचे अन्न पाण्यातच उरते आणि काही दिवसांत हिरवेपणा परततो. कण एकत्र आणून फिल्टरमध्ये अडकवणारी द्रावणेही तेवढ्यापुरतीच उपयोगी पडतात. तरंगत्या वनस्पती अन्न ओढून घेतात आणि सावलीही देतात, पण बहुतेक कासवे त्या फस्त करतात.

टाकीवर थेट ऊन पडत असेल किंवा खाद्य तरंगत उरत असेल, तर आधी पैसे खर्च करू नयेत. टाकीची जागा बदलावी, खाद्य कासव काही मिनिटांत संपवेल इतकेच द्यावे आणि दोन आठवडे पाणी बदलण्याचे वेळापत्रक पाळावे. टाकीच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा फिल्टर नसेल, तर पहिला खर्च त्यावर करावा. हे सर्व करूनही हिरवेपणा टिकला, तर माझे मत निःसंशय यूव्ही क्लॅरिफायरच्या बाजूने आहे.

तो बसवल्यानंतर नायट्रेटची चाचणी अवश्य करावी. हिरव्या पाण्यात शेवाळच नायट्रेट खात असल्याने आकडा फसवा कमी येऊ शकतो, आणि पाणी नितळ झाल्यावर तो चढलेला दिसला तर यंत्र बिघडले असे समजू नये. तो लिटरमागे 40 मिलिग्रॅमच्या वर जाऊ लागला, की आठवड्याला बदलायच्या पाण्याचे प्रमाण वाढवावे.