पावसाला घाबरणारं डायव्हरचं घड्याळ आणि ठाकूरद्वारचे काका

गिरगावात ठाकूरद्वारच्या एका बोळात, जिन्याखाली, जेमतेम एक स्टूल मावेल एवढ्या जागेत घड्याळदुरुस्ती चालते. पाटी नाही. काका आत बसतात, गिऱ्हाईक बोळात उभं राहतं. पाऊस असेल तर छत्री धरून. तीन महिने तिथे खेटे घातलेत, तेव्हा चार शब्द लिहायचा हक्क आहे मला.

घड्याळ मामाचं. ओमेगा सीमास्टर 300, मॉडेल 165.024, पाणबुड्यांसाठी बनवलेलं. मामा जहाजावर इंजिनरूममध्ये होता, 1966 साली एडनला घेतलं त्याने. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं तिथे, बंदर बिनजकातीचं. मामा गेल्यावर मामीने ते मला दिलं, कारण घरात हे वेड मलाच. बँकेतून निवृत्त झाल्यापासून सहा जमवलीत. सुती साडीवर मी हे एवढं थोरलं घड्याळ घालते, आणि दुकानात गेले की पहिला प्रश्न येतो, "मिस्टरांचं का?" काकांनी तो विचारला नाही. पहिला गुण तिथेच दिला.

गेल्या जुलैत पावसात दादरचा पूल उतरेपर्यंत काचेला आतून वाफ धरली. काकांनी ऐकलं आणि हसले. या घड्याळांना नायड नावाची चावी (कडेचं फिरवायचं बटण) असायची. पाण्याचा दाब जितका जास्त, तितकी ती घट्ट बसणार, अशी तिची रचना. खोल समुद्रात झकास. पण वरवरच्या पाण्यात दाबच नाही, मग ती कशाला घट्ट बसतेय! त्यात वॉशर साठ वर्षांचे. मागचं झाकण उघडलं तर वॉशरचं पार डांबर झालेलं, टोकदार चिमट्याने खरवडून काढावं लागलं. आतलं 552 नंबरचं मशीन मात्र तांबूस, लखलखीत. मामाने ते कधी कुणाला उघडू दिलं नसणार.

आता माझा मूर्खपणा. अंधारात काटे दिसत नाहीत, तर डायलला नवीन रेडियम भरून द्या, असं मी सांगितलं. (आपण सगळे त्याला रेडियमच म्हणतो.) काकांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि सहाच्या आकड्याखाली बघायला लावलं. 'स्विस मेड'च्या दोन्ही बाजूंना बारीक 'टी'. टी म्हणजे ट्रिटियम, ठिपक्यांना चमकवणारा किरणोत्सारी पदार्थ. "बारा वर्षांत निम्मं होतं ताई. साठ वर्षांत पाच वेळा निम्मं करा." बत्तिसावा हिस्सा. घसारा काढण्यात नोकरी गेली माझी, मला तो समजावून सांगावा लागत नाही. पण त्या मलईसारख्या पिवळ्या ठिपक्यांना हात लावायला काकांनी साफ नकार दिला. "मामांच्या वेळचं आहे ते. मी रंगवलं की माझं होईल."

मला हे लागलं, कारण माझं पहिलं घड्याळ रंगवलेलंच निघालं होतं. परदेशातले संग्राहक अशा पुन्हा रंगवलेल्या डायलच्या घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते काही कौतुकाने नाही. विकणाऱ्याने 'ओरिजिनल' म्हणून गळ्यात मारलं. काकांनी भिंगाखाली दोन मिनिटांत दाखवलं: मिनिटांच्या रेघा काही जाड, काही बारीक, आणि तीनच्या खुणेवर रंग कडेबाहेर आलेला, पोरांच्या चित्रकलेच्या वहीत येतो तसा.

आता तक्रारी. काका फोन उचलत नाहीत. पावती नाही, कालनिर्णयच्या पानामागे तुमचं नाव लिहितात, बस्स. काम "गणपतीनंतर" होणार होतं. गणपती गेले तर पितृपंधरवडा लागला, त्यात वॉशर आले नव्हते, मग नवरात्र. आणि झाकण उघडताना हत्यार सटकून मागच्या झाकणावर कोरलेल्या समुद्रघोड्याच्या शेपटीशी एक ओरखडा उठला. मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण तो ओरखडा मला शोधावा लागला नाही. त्यांनी आधी तो दाखवला, मग घड्याळ हातात दिलं आणि पाचशे रुपये कमी घेतले.

एकूण सात हजार. नवे वॉशर, ऑइलिंग, दुसरी चावी. जुनी नायड चावी कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत घालून परत दिली, "हरवू नका" म्हणून दटावून. आधी दिवसाला चार मिनिटं मागे पडायचं, आता आठ सेकंद पुढे जातं. पॉलिश करू का, हे त्यांनी विचारलंही नाही, हाही एक गुणच.

पाण्यात घालू का, हे मी विचारलं. "हात धुताना काढा," म्हणाले.

दुपारी एक ते चार बंद. पाच वाजता गेलात तर चहाची वेळ असते, थांबावं लागेल. आणि सेल बदलून घ्यायला जाऊ नका, ओरडतात.