परदेशात आल्यावर घरात कोणती भाषा बोलायची?

मुलांना घेऊन दुसऱ्या देशात बिऱ्हाड हलवलं की घर, शाळा, कागदपत्रं यांच्या धावपळीत एक निर्णय आपण न घेताच होऊन जातो: घरात कोणती भाषा चालणार. तो ठरवूनच घ्यावा, असं मला कळकळीने वाटतं. मुलाशी एका भाषेत बोलायची सवय एकदा लागली की ती बदलणं दोघांनाही जड जातं.

वाटा तीन आहेत. घरात सगळ्यांनी आपलीच भाषा बोलायची. आईने एक आणि बाबांनी दुसरी बोलायची. किंवा घरातही नव्या देशाचीच भाषा आणायची.

तिसरी वाट बहुतेक जण भीतीपोटी धरतात. पोर वर्गात गप्प बसतं, शिक्षक काळजीने म्हणतात, ‘घरीही हीच भाषा बोला’, आणि आपल्या पोटात गोळा येतो. पण बेल्जियमच्या डच भाषिक भागात आनिक द हाउवर यांनी सुमारे १,९०० कुटुंबांची पाहणी केली. ती २००७ साली प्रसिद्ध झाली. या घरांत निदान एका पालकाची भाषा डचहून वेगळी होती. तरी मुलं डच बोलतच होती. जवळजवळ चारातल्या एका घरात मुलं बोलत नव्हती ती घरची भाषा! बाहेरची भाषा शाळा, मैदान, शेजार शिकवतात. घरची भाषा शिकवायला घराशिवाय कोणी नसतं.

त्याच पाहणीत वाटांची तुलनाही होते. दोन्ही पालक घरी फक्त आपली भाषा बोलत, तिथे सुमारे ९७ टक्के घरांत मुलंही ती बोलत होती. एक पालक आपली आणि दुसरा फक्त डच, तिथे सुमारे ७४ टक्के. दोघंही दोन्ही भाषा मिसळत, तिथे सुमारे ७९. म्हणजे भाषांची सरमिसळ होते म्हणून स्वतःला दोष देत बसायचं कारण नाही. एक पालक मिसळून बोलणारा आणि दुसरा फक्त डच, तिथे मात्र आकडा ३६ टक्क्यांवर येतो.

‘एक पालक, एक भाषा’ ही वाट जुनी आहे. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ज्यूल रोंजा यांनी आपल्या मुलाच्या वाढीचा अभ्यास १९१३ मध्ये प्रसिद्ध केला. बाबा फ्रेंच बोलत, आई जर्मन. आईवडिलांच्या मातृभाषाच वेगळ्या असतील, तर ही वाट मला सर्वांत स्वाभाविक वाटते. दोघांची भाषा एकच असताना एकाने मुद्दाम परकी भाषा बोलणं मात्र ओढूनताणून होतं. शिकाऊ भाषेत आपण सूचना देतो, ‘जेव, झोप, अभ्यास कर’. लाडाने समजावणं, गोष्ट रंगवून सांगणं, भांडणानंतर जवळ घेणं यांसाठी शब्दच कमी पडतात. मुलाला दोन्हीकडून तुटपुंजंच मिळतं.

आता शाळेचं. जिम कमिन्स यांनी कॅनडात आलेल्या मुलांचा अभ्यास केला. गप्पा-खेळापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण पाठ्यपुस्तकाच्या भाषेत वर्गाच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात, असं त्यांना आढळलं. मूल फाडफाड बोलायला लागलं म्हणजे काम झालं, असं समजू नका. धडा आधी घरच्या भाषेत समजावून द्या; मग त्याला नव्या भाषेतले फक्त शब्द शिकायचे उरतात, कल्पना नाही.

म्हणून दोघांची मातृभाषा एक असेल तर माझं मत पहिल्या वाटेला. तिची उणीव एकच, पण खरी आहे: पालकांची नवी भाषा कच्ची राहते आणि डॉक्टरांकडे, कार्यालयात दुभाष्याचं ओझं पोरावर पडतं. आईच्या आजाराची बातमी दहा वर्षांच्या मुलाने आईला सांगावी, हे होऊ देऊ नका. दवाखान्यात दुभाष्या मागा, आणि स्वतःसाठी भाषेचा वर्ग पहिल्याच वर्षी लावा.

किशोरवयात मूल नव्या भाषेत उत्तरं देऊ लागेल. तेव्हाही तुम्ही आपल्याच भाषेत बोलत राहा. त्याला ती समजत असते.