द एक्झॉर्सिस्ट: भुतासाठी नाही, क्रिससाठी वाचा

नागपुरात बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळालं, पानं पिवळी, कव्हरला सेलोटेप, पण अख्खं आहे. विल्यम पीटर ब्लॅटीची 1971 ची कादंबरी. पिक्चर 1973 चा, तो सगळ्यांनी पाहिलेला म्हणून पुस्तक कोणी हातात घेत नाही, आणि पिक्चरमधून डोक्यात राहते ती मान फिरवणारी पोरगी. पुस्तकात मात्र मी तिच्या आईत अडकली.

क्रिस मॅकनील, नटी, घटस्फोट झालेला, वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊनमध्ये शूटिंगपुरतं घर भाड्यानं घेऊन पोरीला, रेगनला, सांभाळून राहिली आहे. डायरेक्शनची ऑफर आली, म्हणजे गाडी आता कुठं रुळावर येऊन राहिली, आन तेवढ्यात माळ्यावर खुडबुड सुरू. ती काय म्हणते? उंदीर असतील, सापळे लावा. बाप्पा, एकटीनं घर चालवणारी बाई दुसरं काय म्हणेल! रेगनचा कोणाला न दिसणारा दोस्त म्हणजे कॅप्टन हाउडी, आन बापाचं नाव हॉवर्ड, हे जुळलं की पोटात गोळा येतो. त्यात क्रिसचं पहिलं पोरगं, जेमी, तीन वर्षांचं असताना गेलेलं, ते वाचल्यावर तिची घालमेल जास्तच कळते.

मला खरी भीती वाटली दवाखान्याच्या पानांत. आधी पोरगी चंचल म्हणून रिटालिन नावाचं औषध, मग मेंदूत काही असेल म्हणून ईईजी, मग पाठीतलं पाणी काढून तपासणी, सगळं नॉर्मल, आणि शेवटी देव न मानणाऱ्या या बाईला डॉक्टरच म्हणतात की भूत उतरवून पाहा.

हां, पैशाचा प्रश्न तिला नाही. सेक्रेटरी आहे, घरकामाला नवराबायको आहेत. इथं प्रतापनगरात एकटी बाई फ्लॅट पाहायला गेली की मालकीणबाई आधी विचारते, मिस्टर काय करतात, मग भाडं सांगते.

सुरुवातीचा इराकचा भाग कंटाळवाणा आहे, खुशाल पळवा. डिटेक्टिव्ह किंडरमन बोलतो लय. आणि खरी तक्रार ही की उत्तरार्धात सगळं फादर लोकांच्या हातात जातं, क्रिस बिचारी दाराबाहेर. इतकी उभी केलेली बाई अशी बाजूला सारायची म्हणजे काय!

साडेतीन स्टार. शिव्या आणि किळसवाणं भरपूर आहे, जेवताना वाचू नका, आणि जुनी कॉपी घेत असाल तर अक्षर आधी पाहून घ्या, माझ्यातलं मुंगीएवढं आहे.