पितळ उघडं पडलं, पण उशिरा

घरात मला सगळे चिकट म्हणतात. बाहेरचे जरा सभ्य, ते चिकित्सक म्हणतात. साधा स्क्रूड्रायव्हर घेतानाही मी दहा ठिकाणी विचारणार, हातात घेऊन फिरवून बघणार. त्या मला एका माणसाने केस ट्रिमर, म्हणजे काडतुसाची पुंगळी कापून मापात आणायचं यंत्र, विकताना अशी सफाईने शेंडी लावली की महिनाभर मी त्याचंच कौतुक करत होतो. आता लिहितोय, कारण परवा ओळखीतला एक जण जवळपास तसल्याच सौद्यात हात घालायला निघाला होता.

ज्यांना घरी काडतुसं भरायचा हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रायफलीची रिकामी पितळी पुंगळी पुन्हा पुन्हा भरता येते. पण बार झाला की पितळ फुगतं, मग डायमधून दाबून मूळ मापाला आणलं की ते पुढे सरकतं, आणि पुंगळी दर खेपेला थोडी लांब होते. किती लांब चालेल याला हद्द आहे. मी .308 विंचेस्टर भरतो. तिची कमाल लांबी 51.18 मिलिमीटर आणि कापून आणायची लांबी 50.93. मधे फक्त पाव मिलिमीटर, कारखान्याच्या भाषेत दहा थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). त्यापलीकडे गेली तर पुंगळीचं तोंड चेंबरच्या, म्हणजे रायफलीत काडतूस बसतं त्या जागेच्या, पुढच्या निमुळत्या भागात जाऊन रुततं आणि बुलेटला चिमटा घेतं. सुटायच्या वेळी बुलेट सुटायला जागा मिळत नाही, आणि दाब कुठल्या कुठे जातो. तो फुटतो तेव्हा तुमचा गाल रायफलीला टेकलेला असतो. म्हणून ट्रिमिंग कंटाळवाणं असलं तरी टाळता येत नाही. (माझ्याकडे परवाना आहे आणि मी राहतो तिथे स्वतःपुरतं घरी भरायला कायद्याची आडकाठी नाही. तुमच्याकडे काय नियम आहे ते तुम्ही आधी बघा, ट्रिमर नंतर.)

आधी माझ्याकडे साधं हातातलं ट्रिमर होतं. ली कंपनीचं, पायलटच्या (पुंगळीच्या तोंडात जाऊन कटरला मधोमध धरणाऱ्या तुकड्याच्या) टोकाला बारीक दांडी असलेलं. दांडी पुंगळीच्या बुडाच्या भोकातून खाली जाऊन टेकते, ती टेकली की कटर थांबतो. सेटिंग नावाचा प्रकारच नाही, त्यामुळे चुकायलाही फार वाव नाही. एका काडतुसाला एक पायलट. वीस-तीस पुंगळ्यांना झकास. मी तीनशेच्या ढिगापुढे बसायला लागलो तेव्हा बोटांची सालं निघाली, आणि मोटरवालं काहीतरी हवं असं मनाने घेतलं. फसणाऱ्याची गोष्ट बहुतेक वेळा अशी दुखऱ्या बोटांपासूनच सुरू होते.

जाहिरात ऑनलाइन दिसली. वापरलेला पॉवर ट्रिमर, 'कार्बाइड कटर, जवळजवळ नवा, नाद सोडला म्हणून विकणे आहे'. नव्या यंत्राच्या निम्म्याहून कमी किंमत. माणूस बोलायला फार गोड. मला आधीच कोणते प्रश्न पडणार हे त्याला ठाऊक होतं. कॉलेटमध्ये (पुंगळी पकडणाऱ्या चिमट्यात) प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे का, कटरचा रनआउट किती, म्हणजे तो फिरताना किती डगमगतो, कुठल्या काडतुसांचे पायलट येतील, सगळ्याला उत्तर तयार. शिवाय 'भाऊ, तुम्ही जाणकार दिसता, म्हणून तुम्हालाच देतो'. हे वाक्य ऐकल्यावर खरं तर फोन ठेवायला हवा होता. मी खुर्ची पुढे ओढून बसलो.

मग त्याने व्हिडिओ पाठवला. तो मी इतक्या वेळा बघितलाय की डोळे मिटूनही दिसतो. स्वच्छ टेबल, त्यावर निळा ट्रे, ट्रेवर यंत्र. एक हात पाच पुंगळ्या ओळीत मांडतो. पहिली आत जाते, मोटर घरघरते, दोन सेकंदांत बाहेर येते, आणि लगेच कॅलिपरमध्ये (जबड्यात धरून लांबी मोजायच्या साधनात) धरून पडदा कॅमेऱ्यापुढे आणला जातो. 50.93. दुसरी, 50.93. तिसरी, 50.92. चौथी आणि पाचवी पुन्हा 50.93. मी बायकोला हाक मारून दाखवला. तिने बघितला आणि म्हणाली, 'हे कापतंय कुठे? काहीच पडत नाहीये.' मी म्हटलं, कार्बाइड आहे, बारीक भुगा पडतो, व्हिडिओत नाही दिसत. काय अक्कल पाजळली मी!

पितळ कापलं की कीस पडतोच. चकचकीत, सोनेरी, कुरळा कीस. तो टेबलावर, बाह्यांत, चहाच्या कपात, सगळीकडे जातो. ज्याने एक पुंगळी कधी कापलीय त्याला हे सांगावं लागत नाही, आणि मी शेकडो कापल्या होत्या. त्या निळ्या ट्रेवर शेवटपर्यंत एक कण नव्हता. पुंगळ्या आधीच दुसऱ्या कुठल्यातरी चांगल्या यंत्रावर कापून ठेवलेल्या होत्या. ट्रिमरचा कटर त्यांना शिवतही नव्हता, नुसता हवेत फिरत होता. आणि पुंगळीचं तोंड? तेही स्वच्छ, बर (कापल्यावर उरणारी खरखरीत कोर) नाही. ताजं कापलेलं तोंड बोटाला लागतं, आतून-बाहेरून धार घासल्याशिवाय ते गुळगुळीत होत नाही. माझ्यासमोर हे सगळं होतं. मी फक्त आकडे वाचत होतो.

पैशाचं नेहमीसारखंच झालं, त्यावर जास्त वेळ घालवत नाही. 'साइटवरून घेतलं तर कमिशन जातं, ओळखीतल्या माणसाला पाठवतो तसे थेट पाठवा, त्यातून तुम्हाला एक भेट देतो.' थेट पाठवले. अशा व्यवहाराला खरेदीचं संरक्षण नसतं हे मला माहीत होतं. भेट काय, तर डिजिटल कॅलिपर.

आता ह्या कॅलिपरबद्दल. खरी गंमत तिथेच आहे. खोक्यात आला तो काळ्या प्लास्टिकचा, हलका, पडद्यावर दशांशानंतर एकच आकडा. व्हिडिओत होता तो पोलादी. मला फरक दिसला, आणि मी मनाशी म्हटलं, फुकटचं आहे, नावं काय ठेवायची. माझा स्वतःचा जुना व्हर्नियर होता, पण त्यावर रेघा मोजत बसण्यापेक्षा हे सोपं. झालं, यंत्रही त्याचं आणि साक्षीदारही त्याचाच.

प्लास्टिकचे जबडे लवतात. जरा जोर दिला की आकडा खाली येतो. पहिल्या रात्री ऐंशी पुंगळ्या काढल्या. एखादी 51.2 दाखवायची, मी थोडं दाबायचो, 51.1. आणखी थोडं, 51.0. 'हां, नीट धरलं नव्हतं.' मला हवा तो आकडा येईपर्यंत मी दाबत होतो, आणि हे फसवणाऱ्याने शिकवलेलं नव्हतं, ते माझं मीच करत होतो. कीस पडत होता, पण कुरळा नाही, पिठासारखा. कटर कापत नव्हता, घासत होता. तोंडावर जाड बर राहायची. ती मी काढून टाकायचो आणि पुढची घ्यायचो.

कळलं ते रेंजवर. सातवं की आठवं काडतूस आत घालून बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) खाली घेतला तर शेवटच्या बोटभर अंतरात जड लागला. रोजचा बोल्ट कसा बसतो हे हाताला पाठ असतं. हाताने सांगितलं, आणि त्या दिवशी सुदैवाने मी ऐकलं. काडतूस बाहेर काढलं. शेजारच्या बाकावर एक वयस्कर गृहस्थ होते, आयुष्य टूलरूममध्ये गेलेले. त्यांनी बॅगेतून स्वतःचा कॅलिपर काढला, आधी जबडे पुसले, मिटून शून्य बघितलं, मग पुंगळीचं बूड ते तोंड असं माप घेतलं. 51.38. मी म्हटलं असं कसं, घरी तर बरोबर आलं होतं. ते काही बोलले नाहीत. पुंगळी जबड्यातच अर्धी फिरवून पुन्हा आकडा दाखवला. 51.21. म्हणजे लांब तर होतीच, वर तिरकी कापलेली. 'कुणी कापलीय?' एवढंच त्यांनी विचारलं.

तो दिवस तिथेच संपला. घरी येऊन सगळी भरलेली काडतुसं हातोडीच्या पुलरने (ठोकून बुलेट बाहेर काढायच्या साधनाने) एकेक करून फोडली, बुलेट, दारू, पुंगळी वेगळी केली. दोन रात्री ठकठक. दारू ज्या डब्यातली त्याच डब्यात परत घालायचा मोह झाला, पण सरमिसळीची शंका नको म्हणून टाकूनच दिली.

मग यंत्र खोललं. कटरवर कानस फिरवली तर कानस धरली, सरळ ओरखडा उठला. कार्बाइडला कानस लागत नाही, नुसती सरकते. म्हणजे ते साधं पोलाद, आणि तेही बोथट. कॉलेटचे तीन जबडे, त्यातला एक झिजलेला, म्हणून पुंगळी वाकडी धरली जायची आणि तोंड तिरकं निघायचं. सगळ्यात वाईट होती थांब्याची कडी. लांबी ठरवणारी तीच. तिला जागेवर घट्ट धरणाऱ्या ग्रब स्क्रूचे आटे गेलेले होते आणि वरून चिकट गोंद लावून तो बसवला होता. पन्नासेक पुंगळ्या झाल्या की धक्क्याने कडी सरकायची. त्यामुळे कटर घासतो तिथे पुंगळी लांब, कडी सरकली की दुसरी आखूड. माझ्या ऐंशीत 50.78 पासून 51.40 पर्यंत सगळे आकडे सापडले.

त्याला फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, तुमची साइझिंग डाय नीट बसली नसेल. हे उत्तर हुशार आहे, कारण ते खोटं नाही: पुंगळीच्या खांद्यावर (ती तोंडाकडे निमुळती होते तिथे) टेकून लांबी ठरवणारे जे ट्रिमर असतात त्यांत डायचं सेटिंग हललं की लांबी हलतेच. पण हा बुडाला धरणारा होता. हे सांगितल्यावर म्हणाला, उघडलेला माल परत घेत नाही. तिसऱ्यांदा नंबर लागलाच नाही.

आता कुणी मला विचारलं कुठला घेऊ, तर मी आधी विचारतो किती पुंगळ्या आणि किती प्रकारच्या. एकाच काडतुसाच्या महिन्याला पन्नास असतील तर दांडीवाला हाताचा ट्रिमर घ्या आणि झोपा. प्रकार जास्त असतील तर छोट्या लेथसारखा हाताने फिरवायचा. त्यात मला विल्सनची पद्धत आवडते. पुंगळी बुडाच्या कडेने न पकडता अंगाला बसणाऱ्या नळीत जाते, म्हणून कडेच्या वेड्यावाकड्यापणाने तोंड तिरकं होत नाही. मोटरवाला घ्यायचा तो ढीगच असेल तेव्हा. आणि पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांसाठी घेत असाल तर बहुतेकांना लागतच नाही. त्या फार वाढत नाहीत, आणि 9 मिलिमीटरसारखी काडतुसं चेंबरमध्ये तोंडावरच टेकतात, तिथे आखूड कापून बसलात तर वेगळीच पंचाईत.

वापरलेला घेत असाल तर विकणाऱ्याला म्हणा, मी सांगेन ती पुंगळी कापून दाखव. न कापलेली, तोंडावर काळ्या मार्करने रंगवलेली. आधी माप, मग कापणं, मग माप, मधे कॅमेरा बंद नाही. रंग सगळीकडून सारखा गेला की तोंड सरळ आहे, एका बाजूला राहिला की तिरकं. मग पन्नासावी पुंगळीही मागा, पहिली पाच नकोत. माप घेताना पुंगळी फिरवायला सांगा. तो कुरकुरला तर फोन ठेवा. कॅलिपर मात्र स्वतःचाच, धातूचा, आणि ज्याचं माप पक्कं माहीत आहे अशा एखाद्या गेज ब्लॉकवर अधूनमधून तपासलेला. पडद्यावर शंभरावा भाग दिसतो म्हणजे तो खरा असतो असं नाही. चांगल्या कॅलिपरलाही दोन शतांश इकडेतिकडे माफ असतात.

यंत्र अजून माझ्याकडे आहे. मोटर चांगली निघाली, तिच्यावर मी पुंगळ्यांची तोंडं साफ करायचा ब्रश बसवलाय. प्लास्टिकचा कॅलिपर मुलाने शाळेच्या प्रकल्पाला नेला आणि शिक्षकांनी माप चुकलं म्हणून दोन गुण कापले.

परवा त्या ओळखीतल्याने मला जी जाहिरात पाठवली तिच्यात नाव वेगळं होतं, किंमत थोडी वाढलेली, मजकूर नवा. खाली व्हिडिओ होता. मी तो लावला. स्वच्छ टेबल, पाच पुंगळ्या, निळा ट्रे. आवाज बंद करून शेवटपर्यंत ट्रेकडेच बघत बसलो.