थंडरबर्डचं इंजिन फाउंडेशन: ओरिजिनल भाग कसे ओळखले आणि चालवल्यावर काय टिकलं

रीस्टोअर केलेली ट्रायम्फ 6टी थंडरबर्ड ही जुनी ब्रिटिश मोटरसायकल बरेच महिने नेमाने चालवतोय. 1954 च्या आधीची, डायनामोवाली, 649 सीसी. इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे असलेली, म्हणजे प्री-युनिट. रंग, क्रोम यांबद्दल पुष्कळ जण लिहितात, म्हणून मी फक्त फाउंडेशनबद्दल, म्हणजे इंजिन फ्रेमला धरून ठेवणाऱ्या भागांबद्दल लिहितो: पुढच्या-मागच्या प्लेट्स, स्टड, स्पेसर नळ्या आणि इंजिनच्या माथ्यावरच्या रॉकर बॉक्सपासून फ्रेमला जाणाऱ्या आधारपट्ट्या.

या इंजिनचे दोन्ही पिस्टन एकत्रच वर जातात आणि एकत्रच खाली येतात, त्यामुळे कंपन भरपूर. मध्ये रबर कुठेही नाही, इंजिन थेट फ्रेमला आवळलेलं. इथे ओरिजिनल भागाचा हट्ट नुसता शोभेसाठी नसतो. माप चुकलं की हँडलला आणि फूटरेस्टला लगेच कळतं.

गाडीबरोबर डबाभर सुटे भाग आले होते. त्यात कारखान्यातले, नंतर कुणी कुणी घातलेले आणि अलीकडचे डुप्लिकेट, सगळेच एकत्र. वेगळे करताना सर्वांत जास्त उपयोग झाला तो थ्रेड गेजचा, म्हणजे आटे मोजायच्या दातेरी पट्ट्यांचा. या काळातल्या ट्रायम्फवर बहुतेक जागी सायकल थ्रेड आहे, इंचाला 26 आटे, 60 अंशांचे. तीन सुताचा, म्हणजे 3/8 इंचाचा बोल्ट यूएनएफ (अमेरिकी बारीक आटा) असेल तर 24 आटे, बीएसएफ (ब्रिटिश बारीक आटा) असेल तर 20 आणि तेही 55 अंशांचे. व्यास तिघांचा सारखाच, त्यामुळे व्हर्नियरने काही समजत नाही. 24 आट्यांचा नट 26 च्या स्टडवर एक-दोन फेरे सुखाने जातो आणि मग अडकतो. तिथे पाना लावून जोर केला की नटाचेही आटे गेले आणि स्टडचेही. ट्रायम्फ यूएनएफकडे वळली ती 1960 च्या दशकाच्या शेवटी, त्यामुळे माझ्या गाडीच्या फाउंडेशनवर 24 आट्यांचा बोल्ट दिसला की तो बाहेरून आलेला.

अडीच सुताच्या, म्हणजे 5/16 इंचाच्या बोल्टच्या जागी 8 एमएमचा बोल्ट ही आणखी एक नेहमीची लबाडी. व्यासात फरक अर्ध्या दहांश मिलिमीटरहून किंचित जास्त, पण आटा 1.25 मिमीचा. डोक्यावर 8.8 कोरलेलं असेल तर गेजसुद्धा काढायला नको, ती मेट्रिक खूण आहे. जुन्या बोल्टचं डोकं साधारण 0.525 इंचाचं, म्हणजे 13.3 मिमी. 13 चा पाना त्यावर बसत नाही आणि 14 चा कोपरे खातो. कोपरे गोल झालेला बोल्ट म्हणूनच पुष्कळदा खरा निघतो, बिचाऱ्याला चुकीचे पाने सोसावे लागलेले असतात!

प्लेट्सच्या बाबतीत मी आधी कडा बघतो. प्रेसमध्ये डाय मारून कापलेल्या प्लेटची एका बाजूची कड किंचित गोलसर वळलेली असते. जाडीत पाहिलं तर थोडा भाग गुळगुळीत आणि पुढचा फाटल्यासारखा खरखरीत दिसतो. लेझरने कापलेल्या नव्या प्लेटची कड काटकोनात असते, तिच्यावर बारीक समांतर रेघा असतात. पॉलिश करून हे लपवता येतं, म्हणून बाहेरच्या कडेपेक्षा भोकांच्या आणि खाचेच्या आतली कड बघावी. तिथवर पॉलिश करायला सहसा कुणी जात नाही.

दुसरी खूण सावलीची. प्लेट काढल्यावर इंजिनच्या कानांवर (बोल्ट जातो त्या बाहेर आलेल्या भागांवर) आणि फ्रेमवर तिचा ठसा राहिलेला असतो, वायसरचंही वर्तुळ असतं. प्लेट पुन्हा तिथे धरली आणि ठसा तंतोतंत जुळला, तर ती निदान याच गाडीवर वर्षानुवर्षं होती. हे सगळं फ्रेम सँडब्लास्टला जाण्याआधी करायचं, आणि फोटो काढून ठेवायचे.

नंबरवर मात्र माझा फारसा भरवसा नाही. ट्रायम्फच्या जुन्या कॅटलॉगमध्ये फ्रेमच्या भागांना एफ अक्षराचे नंबर आहेत, इंजिनच्या भागांना ई. पुढे एफच्या जागी 82 आणि ईच्या जागी 70 आलं, मागचे आकडे तेच राहिले. म्हणून 82 लिहिलेली पिशवी डुप्लिकेटच असं नाही, आणि जुना नंबर कोरलेली प्लेट खरीच असंही नाही. पंच कुणालाही मिळतो. कॅटलॉग खरा उपयोगी पडतो तो वर्ष ठरवायला. डायनामोवाल्या आणि अल्टरनेटरवाल्या गाड्यांच्या, रिजिड (मागचं चाक फ्रेमला पक्कं) आणि स्विंगआर्म (मागचं चाक वरखाली हलणारं) फ्रेमच्या प्लेट्स वेगळ्या, लांबून मात्र भाऊभाऊ. आकृत्या प्रमाणात काढलेल्या नाहीत, तेव्हा त्यांच्यावर पट्टी ठेवून माप घेऊ नये.

आता चालवल्यानंतरचं. प्रत्येक नटावरून प्लेटपर्यंत रंगाची एक रेघ ओढून ठेवली होती. जुने बोल्ट आणि 26 आट्यांचे योग्य नट जिथे आहेत, तिथली एकही रेघ तुटलेली नाही, म्हणजे नट फिरलेला नाही. पुढच्या प्लेट्सना सुरुवातीला चकचकीत स्टेनलेस बोल्ट लावून पाहिले होते. ते काढून टाकले. नेहमीच्या ए2-70 स्टेनलेसची ताकद 8.8 खुणेच्या बोल्टपेक्षा कमी, आणि स्टेनलेसवर स्टेनलेस नट आवळताना आटे एकमेकांत चावून जाम होतात. शिवाय त्या काळच्या गाडीवर ती चकाकी डोळ्यांना खुपते.

स्पेसर नळ्यांचं महत्त्व चालवूनच पटलं. ही नळी कुणी ओरिजिनल म्हणून शोधत नाही, कारण दिसायला ती नुसता पाइपचा तुकडा. पण ती थोडी जरी आखूड असली, तरी बोल्ट आवळताना अ‍ॅल्युमिनियमचा कान आत ओढला जातो, आणि त्या कानाला पुढे तडा जाऊ शकतो. डब्यातली एक नळी हॅक्सॉने कापलेली, तोंडं तिरकी. ती बाद केली आणि लेथवर सरळ तोंडांची करून घेतली. आधारपट्ट्या मी सगळ्यात शेवटी आवळतो, बोल्ट हाताने सरकत जाईल तेव्हाच. तसं केल्यापासून मधल्या वेगातली हँडलची झिणझिण बरीच कमी वाटते.

पावडर कोटिंगबद्दल एवढंच सांगतो: प्लेट जिथे कानाला टेकते तिथे नको. जाड थर दाबाखाली बसतो आणि बोल्ट सैल होतो.

डाव्या बाजूची मागची प्लेट अजून डुप्लिकेटच आहे. या गाडीत प्राथमिक चेन (इंजिनपासून गिअरबॉक्सकडे जाणारी) ताणायला गिअरबॉक्स खालच्या बोल्टवर फिरतो आणि वरून प्लेटच्या खाचेत आवळला जातो. डुप्लिकेट प्लेटची खाच रुंद आहे, तिच्याभोवती तपकिरी भुकटी दिसू लागली आहे, म्हणजे दोन भाग एकमेकांवर घासतायत. चेन दोनदा ताणावी लागली. खरी प्लेट मिळाली तर उत्तम, नाहीतर याच प्लेटची खाच वेल्डिंगने भरून पुन्हा मापात कापून घेणार.