रात्रीची पोळी सोडायची तर कोणती भाकरी? ज्वारी, बाजरी की नाचणी

तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.१ टक्के आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "काठावर आहात. गोळी नको, रात्रीचं जेवण बघा." त्यानंतर घरात सल्ल्यांचा पाऊस पडला. कुणी म्हणे भात बंद करा, कुणी म्हणे सातनंतर जेवूच नका, मेहुण्याने तर मेथीचं पाणी पाठवून दिलं. एवढं सगळं माझ्याच्याने होणार नाही हे मला ठाऊक होतं. म्हणून एकच गोष्ट बदलायची ठरवली. रात्री पोळीऐवजी भाकरी, बाकी सगळं जसंच्या तसं.

मग प्रश्न आला, कसली भाकरी? वर्षभरात ज्वारी, बाजरी, नाचणी तिन्ही करून पाहिल्या. आम्ही घरात दोघंच, राहतो पुण्यात फ्लॅटमध्ये, आणि भाकऱ्या मी थापतो. हे आधीच सांगतो, कारण सहा माणसांच्या घरात किंवा गावाकडे माझा हिशेब उलटाही पडू शकेल.

आधी बिचाऱ्या पोळीबद्दल दोन शब्द. मला वाटायचं गव्हात चोथा नसतो, भाकरीत असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते पाहिले आणि ओशाळलो. १०० ग्रॅम ज्वारीत तंतू १० ग्रॅमच्या आसपास, बाजरी-नाचणीत ११ च्या पुढे, आणि न चाळलेल्या कणकेतही ११ च्या पुढेच. म्हणजे घरी दळून आणलेली, कोंडा न काढलेली कणीक या बाबतीत कुठेही कमी नाही. तंतूंसाठी म्हणून पोळी सोडायची गरज नव्हती.

तरी सोडली, ती दोन कारणांनी. घडीच्या पोळीत कणीक भिजवताना तेल, घडीत तेल, वरून तूप. आणि मऊ पोळी मोजली जात नाही. डब्यात आहेत म्हणून तिसरी घेतली, भाजी उरली म्हणून अर्धी, ती अर्धी कशाला ठेवायची म्हणून तीही. भाकरीचं तसं होत नाही. ती तव्यावरून थेट ताटात येते आणि पुढची हवी असेल तर मलाच उठून थापावी लागते. आळशी माणसाला याहून चांगलं पथ्य नाही.

शिवाय भाकरी आपल्याबरोबर ताट बदलते. पोळीशी बटाट्याची भाजी, जॅम, साखरतूप काहीही चालतं. भाकरी पुढ्यात आली की पिठलं, मेथी, शेपू, वरणातला पालक, कांदा आठवतो. आमच्या घरी आठवड्यातून एकदा येणारी पालेभाजी चारदा येऊ लागली ती अशी, कुणी ठरवून नाही. (ठेचाही आठवतो, आणि त्यातल्या मिठाकडे माझं दुर्लक्ष होतं, हे कबूल.)

एक सावधगिरी मात्र सुरुवातीलाच घ्या. माझ्या हातच्या एका भाकरीला साठेक ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे जवळपास दोन पोळ्यांएवढं. "मी फक्त तीन भाकऱ्या खातो" असं म्हणणारा माणूस सहा पोळ्या खात असतो. मी दीडवर थांबतो.

आता तिन्हींकडे.

खरं सांगायचं तर सुरुवातीला माझा कल बाजरीकडे होता. चव तिची. लोहही तिच्यात जास्त, १०० ग्रॅमला साडेसहा मिलिग्रॅमच्या जवळपास, ज्वारीत चारच्या आसपास. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि भोगीची भाजी हे जेवण ज्याने खाल्लंय त्याच्याशी मी वाद घालणार नाही. थापायलाही ती मला जमली. पण दोनच महिन्यांत मी तिला सोडलं, आणि कारण अगदी क्षुल्लक वाटेल असं आहे: पीठ कडू होतं.

आमचा गिरणीवाला दोन किलोच्या खाली दळण घेत नाही. त्याचंही बरोबर आहे, दर वेळी आधीच्या धान्याचं पीठ काढून जातं बसवायचं म्हणजे वेळ जातो. दोन माणसं, एक वेळ, दीड-दीड भाकरी, म्हणजे दोन किलो पीठ दहा-अकरा दिवस तरी पुरतं. आणि बाजरीत स्निग्धांश जास्त, १०० ग्रॅमला ५.४ ग्रॅम, ज्वारीत जेमतेम १.७. दाण्यात असतो तोवर ठीक, दळला की हवा लागून खवट व्हायला लागतो. थंडीत हे फारसं जाणवत नाही. एप्रिलात मात्र सातव्या-आठव्या दिवशी डबा उघडला की जुन्या खोबऱ्यासारखा वास यायचा. पहिला घास बरा लागायचा, आणि गिळल्यावर घशाशी कडवटपणा. बायको म्हणाली थालीपिठात घालू. थालीपीठही कडू झालं. वर त्यात घातलेला कांदा, कोथिंबीर आणि तीळ वाया गेले ते वेगळेच.

फ्रीजमध्ये ठेवून पाहिलं. टिकतं, नाही असं नाही. पण दोन किलोचा डबा फ्रीजमध्ये कायमचा बसला की दुधाच्या पातेल्याला जागा शोधावी लागते, आणि थंडगार पीठ आधी तासभर बाहेर काढून ठेवायचं लक्षात राहत नाही. संध्याकाळी दमून घरी आल्यावर, डब्यातलं पीठ आज खाण्यालायक असेल की नाही, हाच प्रश्न मला नकोसा झाला. ज्या दिवशी पीठ कडू निघालं त्या प्रत्येक दिवशी आम्ही बाहेरून काहीतरी मागवलं. एका महिन्यात असं चारदा झालं. साखर कमी करायला निघालेला माणूस बाजरीच्या कृपेने पावभाजी खात होता.

ज्वारीचं पीठही कायम ताजं राहतं असं नाही. पंधरा-वीस दिवसांनी त्याची विरी जाते, थापताना भाकरीच्या कडा फाटतात, उचलताना मधून तुटते. पण त्यावर इलाज आहे, आणि माझ्यासाठी पारडं इथेच झुकलं. विरी गेलेलं पीठ उकळत्या पाण्यात भिजवून पाच मिनिटं झाकून ठेवायचं, मग तळहाताच्या टाचेने चांगलं रगडायचं. पुन्हा थापता येतं. कडू झालेल्या बाजरीवर असा कुठलाच इलाज नाही. ज्वारी आळस माफ करते, बाजरी करत नाही.

ज्वारी घ्यायचीच तर रब्बीची घ्या, मालदांडी. पावसात सापडलेली खरिपाची ज्वारी काळपट पडते आणि भाकरीला उतरत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या कृषी संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेला एम ३५-१ हा वाण आजही मागून घेणारे लोक आहेत. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. माझं आजोळ त्याच बाजूचं, तेव्हा माझ्या मतातली थोडी माती वजा करून वाचा. दराचं म्हणाल तर चांगली ज्वारी आता गव्हापेक्षा महाग पडते. होळीनंतर नवीन माल येतो तेव्हा वर्षाची भरून ठेवणं परवडतं. दाणा टिकतो, घाई असते ती फक्त पिठाची.

नाचणीबद्दल थोडक्यात. कॅल्शियममध्ये तिला तोड नाही, १०० ग्रॅमला ३६४ मिलिग्रॅम. पण तिची भाकरी गरम असतानाच खावी. ताटात दहा मिनिटं राहिली की वातड होते, आणि आमच्याकडे बातम्या बघत जेवतात. पीठ उकडून घेतल्याशिवाय मला ती थापताही येत नाही. कोकणातल्या बायका सहज थापतात, दोष माझ्या हाताचा असेल. मात्र ताकातली नाचणीची आंबील सकाळी सुरू केली ती टिकली. तेव्हा नाचणीला मी नाकारलं नाही, तिची वेळ बदलली.

पाकिटातला मल्टिग्रेन आटा? पाकिटावरची घटकांची यादी वाचा. पहिलं नाव गहू असतं आणि बाकीची धान्यं हजेरी लावून गेलेली असतात. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं तेव्हापासून अशा पाकिटांवर कणसाची चित्रं वाढली आहेत, एवढंच.

दोन गोष्टी माझ्या अनुभवाबाहेरच्या, पण सांगायला हव्यात. घरात कुणाला थायरॉइडचा त्रास असेल तर रोज बाजरी खाण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि ज्यांना गहू अजिबात चालत नाही अशांनी "ज्वारीत ग्लुटेन नाही" एवढ्यावर निर्धास्त राहू नये. ज्या जात्यावर आधी गहू दळला गेला, त्यातून ज्वारीच्या पिठात गहू येतोच.

सात महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा साखर ५.८ होती. हे ज्वारीमुळे झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. त्याच काळात जेवणानंतर वीस मिनिटं चालायलाही लागलो होतो, आणि बाहेरून मागवणं जवळपास थांबलं होतं. रात्री दोन वाजता छातीत जळजळ होऊन उठायचो ते मात्र ज्वारीच्या पहिल्या महिन्यातच कमी झालं. बाजरीच्या दिवसांत ते होतंच. लोक बाजरीला उष्ण म्हणतात, त्यामुळे की लोण्यामुळे, कोण जाणे.

तुमच्याकडे थोडंथोडं दळण होईल अशी घरगुती चक्की असेल, किंवा गिरणीवाला अर्धा किलोही दळून देत असेल, तर माझी बाजरीवरची तक्रार तुम्हाला लागू नाही. खुशाल बाजरी घ्या. चवीत ज्वारी तिच्यापुढे फिकी आहे, हे मीही मान्य करतो. आम्हीसुद्धा डिसेंबर-जानेवारीत शेजारच्या घरात निम्मं दळण वाटून बाजरी आणतो. संक्रांत झाली की पुन्हा ज्वारी.

भाकरी थापायच्या आवाजाचं विचारलंत तर ती अडचण तिन्हींना सारखी आहे. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पहिल्या आठवड्यात वर येऊन विचारलं, रात्री नऊला काय ठोकता हो? मी परातीखाली दुहेरी पंचा घालायला लागलो, आणि त्यांना एक भाकरी खाली पाठवली. आता अधूनमधून त्याच विचारतात, आज आवाज आला नाही, बाहेर जेवलात का?